नवं आलिशान घर राहण्याजोगं कसं करावं: भिंती बंद होण्याआधीची कामं

नव्या घराची किल्ली हातात आली की आपण आधी सोफे आणि पडदे बघायला लागतो. त्याआधी एक बादली पाणी भरा आणि प्रत्येक न्हाणीघराच्या दाराशी ओता. पाणी जाळीकडे धावतंय, की दाराशीच रेंगाळतंय, की कोपऱ्यात डबकं करून बसतंय, हे दोन मिनिटांत कळतं. महागड्या घरांतही, किंबहुना महागड्या घरांतच, हा घोळ वारंवार दिसतो आणि त्याला कारण आहे. लादी जितकी मोठी तितका तिला उतार देणं अवघड. चार बाजूंनी मधल्या जाळीकडे उतार द्यायचा तर लादी तिरकी कापावी लागते. सलग, अखंड फरशी हवी म्हणून कापणं टाळलं जातं आणि उतार राहून जातो. मोठ्या लाद्याच हव्या असतील तर भिंतीलगत लांबट पट्टीची जाळी बसवून घ्या, म्हणजे उतार एकाच दिशेला द्यावा लागतो. मीटरमागे साधारण 1 सेंटिमीटर पुरतो.

नूतनीकरण करताना माझा सगळा भर एकाच गोष्टीवर असतो: जे काम भिंतीत, फरशीखाली किंवा छताच्या वर जाणार आहे, त्यावर आधी वेळ आणि पैसा घालायचा. रंग कधीही बदलता येतो. फरशीखालचा पाइप बदलायचा म्हणजे फरशीच फोडावी लागते.

आधी तपासा, मग हातोडा

घर नवं असेल तर त्यातले दोष दुरुस्त करून देण्याची जबाबदारी ठरावीक मुदतीपर्यंत बांधकाम करणाऱ्याची असते. करारातलं ते कलम नीट वाचा. तुम्ही न्हाणीघर फोडलं आणि नंतर गळती निघाली, तर ती कुणामुळे झाली याचा वाद होणारच. म्हणून तोडफोडीच्या आधी दोषांची यादी करा, प्रत्येकाचा तारखेसह फोटो काढा आणि लेखी कळवा.

यादी करायला फार साधनं लागत नाहीत. लाकडी दांड्याने किंवा नाण्याने लादीवर टकटक करत जा. जिथे पोकळ आवाज येतो तिथे खाली सिमेंटचा माल नीट भरलेला नाही आणि जड वस्तू पडली की ती लादी तडकते. भिंतीत ओल आहे अशी शंका आली तर फूटभर प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावून दिवसभर ठेवा. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला पाणी जमलं तर ओल भिंतीतून येतेय, बाहेरच्या बाजूला जमलं तर खोलीतल्या हवेतच दमटपणा आहे. दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत. पहिल्यात गळती शोधावी लागते, दुसऱ्यात हवा खेळती केली की भागतं. हे न बघता नुसती पुट्टी मारली तर काही महिन्यांत पोपडे येतात.

न्हाणीघरांची खरी परीक्षा पाणी साठवून होते. जाळी बुच मारून बंद करा, दाराला छोटा बांध घाला, 2-3 सेंटिमीटर पाणी भरा आणि पातळीवर पेन्सिलने खूण करा. 24 तास तसंच ठेवा, जमलं तर 48. बाष्पीभवनाने थोडं कमी होईल. त्याहून जास्त उतरलं, किंवा खालच्या मजल्याच्या छताला ओलसर डाग दिसला, तर वॉटरप्रूफिंग फसलंय. फरशी बदलायची असेल तर नवीन वॉटरप्रूफिंग झाल्यावर आणि लादी बसण्याआधी हीच परीक्षा पुन्हा करा. ठेकेदार घाई करेल, पण इथे अजिबात ऐकू नका.

कुठे हात लावायचा नाही

खांब, तुळई आणि स्लॅब यांना हात लावायचा नाही. कुठली भिंत भार घेते हे तिच्या जाडीवरून ओळखता येत नाही, त्यासाठी स्ट्रक्चरल इंजिनिअरच हवा. वजनाचाही हिशेब करा, तो सहसा कुणी करत नाही. संगमरवराची घनता घनमीटरला सुमारे 2700 किलो असते. 20 मिलिमीटर जाडीचा दगड चौरस मीटरला 54 किलो भरतो, त्याखालचा 5 सेंटिमीटरचा मालाचा थर आणखी शंभरेक किलो. जुन्या फरशीवरच नवी घातली तर 50 चौरस मीटरच्या दिवाणखान्यात जवळपास 8 टनांची भर पडते. मोठा बाथटब बसवताना हेच गणित: 300 लिटर पाणी म्हणजे 300 किलो, टब आणि माणूस वेगळे.

पाणी: दाब आणि वाट बघणं

छताएवढा रुंद शॉवर घेतला आणि त्यातून धार ठिबकतेय, ही तक्रार फार ऐकू येते. शॉवर बिघडलेला नसतो. पाण्याच्या 10 मीटर उंचीला साधारण 1 बार दाब मिळतो. टाकी शॉवरच्या जेमतेम 3 मीटर वर असेल तर दाब भरतो 0.3 बार. शॉवरच्या माहितीपत्रकात किमान दाब दिलेला असतो, तो विकत घेण्याआधी वाचा आणि कमी पडत असेल तर प्रेशर पंपाची जागा, वीज आणि आवाजाची सोय आधीच करा. पंप झोपायच्या खोलीच्या भिंतीला टेकवून बसवू नका.

गरम पाण्याचं दुखणं मी स्वतः भोगलंय. आमच्या घरात पाणी तापवण्याची सोय एका टोकाला आणि झोपायच्या खोलीचं न्हाणीघर दुसऱ्या टोकाला होतं. रोज सकाळी बेसिनचा नळ सोडून थांबायचं. एकदा मोजलं, तर साडेचार लिटरचं भांडं भरल्यावर कुठे कोमट पाणी आलं. हिशेब सरळ होता: 15 मीटर लांब आणि आतून 20 मिलिमीटर व्यासाच्या पाइपात सुमारे 4.7 लिटर पाणी मावतं आणि तेवढं थंड पाणी आधी बाहेर पडावंच लागतं. भिंती उघड्या होत्या तेव्हा कुणी विचारलं असतं, तर पाणी परत नेणारा पाइप आणि छोटा पंप घालून पाणी फिरतं ठेवता आलं असतं. आता दगड लागून गेला होता. शेवटी बेसिनखालच्या कपाटात छोटा गीझर बसवला. काम भागलं, पण एक कप्पा गेला. तुमच्या भिंती अजून उघड्या असतील तर ही सोय करून घ्या आणि गरम पाण्याच्या पाइपांना उष्णतारोधक वेष्टण घाला, नाहीतर फिरतं पाणी भिंतच तापवत राहील.

प्रत्येक न्हाणीघराला आणि स्वयंपाकघराला वेगळा बंद करायचा कॉक हवा, आणि तो हात पोहोचेल अशा जागी. कपाटाच्या पाठीमागे दडलेला कॉक पाइप फुटेल त्या रात्री उपयोगाचा नाही.

वीज आणि तारा

फर्निचरचा आराखडा पक्का झाल्याशिवाय बोर्डांच्या जागा ठरवू नका. पलंग, टेबल, सोफा यांची मापं खडूने जमिनीवर आखा आणि त्यात फिरून बघा, म्हणजे पलंगामागे गाडला जाणारा सॉकेट लगेच दिसतो. एसी, गीझर, ओव्हन यांना प्रत्येकी वेगळं सर्किट हवं. मुख्य बोर्डात 30 मिलिअँपिअरचं आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणारं उपकरण, आहे ना हे बघा, कारण शॉक लागल्यावर जीव वाचवणारं यंत्र तेच. त्यावरचं चाचणीचं बटण अधूनमधून दाबून ते उडतंय याची खात्री करत राहा.

स्मार्ट स्विच आज नको असले तरी प्रत्येक स्विच बोर्डात न्यूट्रलची तार ओढून ठेवा, बहुतेक स्मार्ट स्विचना ती लागते. जाड भिंतींच्या मोठ्या घरात एका राउटरने वाय-फाय सगळीकडे पोहोचत नाही. दर मजल्यावर, मोठ्या खोल्यांच्या छतापर्यंत इंटरनेटची कॅट 6 केबल टाकून घ्या, ती 100 मीटरपर्यंत चालते.

छत बंद करण्याआधी

एसीच्या तांब्याच्या नळ्यांत नायट्रोजन भरून दाब टिकतो का हे तपासायला सांगा. युनिटच्या तळाच्या ट्रेमध्ये तांब्याभर पाणी ओता आणि ते दुसऱ्या टोकाला बाहेर येतंय हे डोळ्यांनी बघा. फॉल्स सीलिंगवर येणारे पिवळे डाग बरेचदा याच निचऱ्याच्या पाइपाला उतार न दिल्याने येतात. युनिटखाली माणसाचे खांदे आणि हात आत जातील एवढं झाकण ठेवायलाच हवं. छत सुंदर दिसावं म्हणून ते गाळलं की पहिल्या दुरुस्तीला छत कापावं लागतं.

दुमजली उंचीचा दिवाणखाना असेल तर झुंबराचा हूक थेट स्लॅबमध्ये पक्का करा आणि ते खाली उतरवण्याची चरखी बसवा. दिवा बदलायला दरवेळी परांची बांधणार का? अशा खोलीत आवाजही घुमतो. मधोमध उभं राहून टाळी वाजवा. दगड, काच आणि सपाट छत यांच्यात ती बराच वेळ रेंगाळली तर तिथे चार माणसांच्या गप्पाही थकवतील. जाड गालिचा, भरीव पडदे, कापडी बैठकी आणि एका भिंतीला ध्वनी शोषणारे फलक यांनी खूप फरक पडतो.

पश्चिमेकडची मोठी काच दुपारी खोली तापवते. आतला पडदा लावेपर्यंत ऊन काच ओलांडून आलेलं असतं. म्हणून बाहेरून सावली करणारी झडप किंवा छज्जा जास्त कामाचा.

दगड आणि लाकूड

संगमरवर हा मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. लिंबू किंवा व्हिनेगर सांडलं की तिथली चकाकी रासायनिकरीत्या खाल्ली जाते आणि पुसून ती परत येत नाही. दगडावर चढवायचा सीलरचा लेप डाग शोषू देत नाही, पण आम्लापासून वाचवत नाही. ओट्यासाठी ग्रॅनाइट किंवा क्वार्ट्झ घ्या, संगमरवर जिथे नुसता बघायचा आहे तिथे लावा.

लाकडी फरशीच्या फळ्या बसवण्याआधी दोन-तीन दिवस त्याच खोलीत ठेवा आणि भिंतीलगत सुमारे 10 मिलिमीटर फट सोडा. दमट हवेत लाकूड फुगतं. जागा नसेल तर फरशी मधून उचलली जाते. खालचा कोबा पूर्ण वाळलेला हवा.

भिंती आणि छत बंद होण्याच्या आदल्या दिवशी प्रत्येक भिंतीवर मापाची टेप धरून फोटो काढा, कोपऱ्यापासून आणि जमिनीपासून अंतर दिसेल असे. खोलीवार फोल्डर करा. पुढे चित्र टांगायला ड्रिल हातात घ्याल तेव्हा आधी तेच उघडा. दर लादीचे थोडे नग त्याच लॉटमधले बाजूला ठेवा, नंतर तीच छटा मिळेलच असं नाही.

आणि पाहुण्यांच्या, कधीतरीच वापरल्या जाणाऱ्या न्हाणीघरात दुर्गंधी यायला लागली तर घाबरून प्लंबर बोलावू नका. जाळीखालच्या ट्रॅपमध्ये साठलेलं पाणीच गटाराचा वास अडवून धरतं. वापर नसला की ते आटून जातं. दर आठवड्याला तिथे मगभर पाणी ओता.