नाण्यांचे फोटो: आधी स्टँड, मग दिवे, कॅमेरा शेवटी

नाण्यांचे फोटो काढायला कॅमेरा कुठला घेऊ, असं मला लोक विचारतात. मी उलट विचारते, तो धरणार कशावर? बोलणं तिथंच अडतं. घरात पडलेला कुठलाही जुना डीएसएलआर किंवा मिररलेस चालतो. पैसे घालायचे ते स्टँडवर आणि दोन दिव्यांवर. मी बँकेत कॅश काउंटरला होते, तेव्हापासून नाणी जमवते. आता दादरला रुळांलगतच्या इमारतीत, स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्यांचे फोटो काढते. पुढचं सगळं तेवढ्या जागेत मावतं.

मोबाइलचं आधी उरकून टाकते. तो नाण्याच्या इतका जवळ न्यावा लागतो की त्याचीच सावली पडते, आणि वर अडकवायच्या भिंगांनी ही अडचण वाढतेच. फोनला झूमची वेगळी लेन्स असेल तर जरा लांबून काढा. व्हॉट्सअ‍ॅपवर दाखवण्यापुरतं भागतं.

आता स्टँड. कॅमेरा नाण्याच्या बरोबर डोक्यावर, लेन्स खाली तोंड करून, असा टांगायचा. ट्रायपॉडचा मधला दांडा उलटा घालून हे जमतं, पण त्याचे पाय नेमके दिव्यांच्या वाटेत येतात. त्यापेक्षा जुना एन्लार्जर शोधा, म्हणजे डार्करूममध्ये निगेटिव्हवरून मोठे फोटो छापायचं यंत्र. डार्करूम बंद झाल्या तसे हे एन्लार्जर भंगारात गेले. चोरबाजारात मटन स्ट्रीटला चक्कर मारा, नाहीतर फोर्टात बोरा बाजारच्या कॅमेरावाल्यांकडे चौकशी करा. वरचं दिव्याचं डोकं काढून टाकायचं, खांब आणि लाकडी पाट ठेवायचा आणि डोक्याच्या जागी कॅमेऱ्याच्या तळाला बसणारा पाव इंची स्क्रू लावून घ्यायचा. वर-खाली करायचं चाक आयतं मिळतं. घेण्याआधी खांबाला टिचकी मारून बघा. थरथरत राहिला तर दुकानदार कितीही गोड बोलला तरी सोडून द्या.

कॅमेरा नाण्याला समांतर आहे की नाही, हे नजरेने ठरवू नका. स्पिरिट लेव्हलपेक्षा एक साधी युक्ती आहे. नाण्याच्या जागी छोटा सपाट आरसा ठेवायचा आणि स्क्रीनवर बघायचं. लेन्सचं स्वतःचं प्रतिबिंब फ्रेमच्या मधोमध दिसलं म्हणजे जमलं. सरकलेलं दिसलं तर कॅमेरा तिरका आहे. हे केलं नाही तर नाण्याची एक कड धारदार आणि समोरची धूसर येते, आणि माणसं उगाच लेन्सला दोष देतात.

लेन्सचं गणित सोपं आहे. एपीएस-सी मापाच्या (बहुतेक साध्या डीएसएलआरचं हेच माप) कॅमेऱ्याचा, प्रतिमा टिपणारा सेन्सर साधारण 15 मिलिमीटर उंच असतो. ब्रिटिशकाळातला चांदीचा रुपया साधारण 30.5 मिलिमीटरचा. तो फ्रेममध्ये थोडी जागा सोडून बसवायचा तर सेन्सरवर त्याची प्रतिमा 12-13 मिलिमीटरची हवी, म्हणजे मोठेपण (प्रतिमा भागिले खरं नाणं) 0.4 पट. शिवराई, म्हणजे शिवाजी महाराजांच्या नावाचं तांब्याचं नाणं, 20 मिलिमीटरच्या आसपासची, तिला 0.6 च्या पुढे जावं लागतं. अगदी जवळून फोटो काढायची 100 मिलिमीटरची मॅक्रो लेन्स असेल तर प्रश्नच मिटला. नसेल तर 50 मिलिमीटरच्या साध्या लेन्समागे एक्स्टेन्शन ट्यूब, म्हणजे लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मधली पोकळ नळी, लावा. ट्यूबची लांबी भागिले लेन्सची फोकल लेन्ग्थ, तेवढं मोठेपण वाढतं. 20 ची ट्यूब म्हणजे 0.4, रुपयाचं काम झालं. 20 आणि 12 जोडून 0.64, शिवराई बसली. ट्यूबमध्ये काचच नसते, म्हणून महागड्या ट्यूबने फोटो जास्त धारदार येतो असं नाही. फक्त विद्युत-संपर्क असलेली घ्या, नाहीतर कॅमेऱ्यावरून अ‍ॅपर्चर (लेन्समधलं प्रकाशाचं भोक) बदलता येत नाही.

सेटिंग एकदाच लावायची. मॅन्युअल मोड, आयएसओ 100, रॉ फाइल, अ‍ॅपर्चर एफ 5.6 ते एफ 8. सगळं स्वच्छ दिसावं म्हणून एफ 16 ला जाऊ नका. इतक्या जवळून आकडा दिसतो त्याहून भोक प्रत्यक्षात लहान झालेलं असतं (0.4 पटीला एफ 8 म्हणजे जवळजवळ एफ 11), आणि फार लहान भोकातून प्रकाश पसरून अक्षरं मऊ पडतात. ऑटोफोकस बंद. लाइव्ह व्ह्यू दहापट मोठा करून चाकाने कॅमेरा केसभर वर-खाली करत फोकस साधायचा. स्वातंत्र्यानंतरच्या मुंबई टांकसाळीच्या नाण्यावर सहसा सालाखाली चौकटच्या आकाराची बारीक खूण असते. तिचे कोपरे टोकदार दिसले की थांबा. फोटो दोन सेकंदांच्या टायमरवर काढा, बटणाला हात लावून नाही.

रुळांजवळ राहणाऱ्यांसाठी वेगळं सांगते. फास्ट लोकल गेली की आमचं टेबल हलतं. डोळ्यांना कळत नाही, पण पाव सेकंदाच्या शटरला बरोबर कळतं. म्हणून मी शेवटची गाडी गेल्यावर बसते. तेव्हा पंखाही बंद ठेवायचा. मे महिन्यात हा छळ आहे, त्याला इलाज नाही.

आता दिवे. खरी मजा इथंच आहे. दोन सारखे एलईडी टेबल लॅम्प घ्या, लवचीक मानेचे. लोहार चाळीत घेणार असाल तर दोन्ही बल्ब एकाच कंपनीचे, एकाच रंगाचे मागा. एक पिवळसर आणि एक पांढरा झाला तर चांदी अर्धी सोन्यासारखी दिसेल. डब्यावर सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) 90 किंवा जास्त असेल तर तांब्याचा रंग खरा येतो. खोलीतली ट्यूबलाइट बंद करा आणि राखाडी कार्डावर व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं म्हणून कॅमेऱ्याची रंगाची सेटिंग) एकदा लावून घ्या. स्वस्त बल्ब सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात, त्याचे पट्टे फोटोत येऊ शकतात. शटर सेकंदाच्या पंचविसाव्या भागाहून सावकाश ठेवलं की सहसा येत नाहीत.

नाणं म्हणजे घड्याळाची तबकडी धरा. दिवे 10 आणि 2 च्या जागी, वरच्या बाजूला. प्रकाश खालून आला तर उठावाचं चित्र खोलगट भासतं, राजाचा चेहरा आत दबल्यासारखा दिसतो. मग दिव्याची उंची. 1911 च्या रुपयावर पंचम जॉर्जच्या पोशाखावरचा हत्ती डुकरासारखा दिसतो अशी ओरड झाली आणि 1912 ला तो बदलला. सरावाला हाच रुपया घ्या, मिळाला तर दोन्ही सालांचे. दिवे अगदी खाली, टेबलालगत ठेवले तर हत्तीच्या सोंडेची सावली ठळक पडते, पण बाकीचं नाणं काळवंडतं. दिवे उंच नेत जा, तशी चांदीची चमक उजळत येते. मग एका टप्प्यावर चमक राहते आणि सोंड सपाट होऊन हरवते. त्याच्या जरासं अलीकडे थांबायचं. हे अंशांत सांगता येत नाही, प्रत्येक नाण्याला बसून शोधावं लागतं.

झिजलेल्या शिवराईला नियम उलटा. तिथं चमक नसतेच, 'श्री राजा शिव' ही अक्षरं वाचता येणं महत्त्वाचं. एकच दिवा, अगदी टेबलालगत कमी उंचीवर, आणि नाणं हळूहळू फिरवत बघा. फिरवता फिरवता एकदम कानामात्रा उभे राहतात. दुसऱ्या बाजूला पांढरा कागद उभा केला की सावल्या फार गडद होत नाहीत.

आरशासारखं चकचकीत प्रूफ नाणं (संग्राहकांसाठी खास पाडलेलं) ही या कामातली सासू. त्यात कॅमेरा, तुमचा चेहरा, छत, सगळं दिसतं. त्याला साधी काच लागते. लेन्स आणि नाण्याच्या मध्ये काच 45 अंशांत तिरकी धरायची, दिवा बाजूने काचेवर मारायचा. थोडा प्रकाश काचेवरून वळून सरळ नाण्यावर पडतो आणि काचेतूनच वर कॅमेऱ्याकडे परततो. दिवा थेट नाण्यावर पडू नये म्हणून मध्ये काळं कार्ड उभं करा, आणि काचेच्या पलीकडे मंगलदास मार्केटातलं काळं मखमल टांगा. नवशिक्याने हे पहिल्याच आठवड्यात करू नये.

पार्श्वभूमीसाठी नाणं बाटलीच्या झाकणावर उचलून ठेवा. खालचा कागद आपोआप धूसर होतो आणि कडेची सावली कागदावर नाण्यापासून दूर पडते. धुळीसाठी हवेचा रबरी पंप पुरे. चिंच, कोलगेट, पितांबरी, काहीही लावू नका. घासून चकचकीत केलेल्या नाण्याचा फोटोही बिघडतो आणि भावही. नाणं नेहमी कडेने धरा.

पावसाळ्यात लेन्स कपाटात राहिली की बुरशी धरते. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या (हवेतला ओलावा शोषणाऱ्या दाण्यांच्या) पुड्या घालून लेन्स त्यात ठेवा. पुड्या ओलसर झाल्या की कोरड्या करा किंवा बदला.

संगणकावर रंग भडक करू नका, विकत घेणारा नाणं हातात आल्यावर भांडतो. दोन्ही बाजू एकाच मापाने कापून शेजारी ठेवा आणि फाइलच्या नावातच साल, टांकसाळ, वजन, व्यास लिहा. वजनाला सोनाराच्या काट्यासारखा दोन दशांश दाखवणारा छोटा काटा घ्या. चांदीचा रुपया 11.66 ग्रॅमचा असतो, फार कमी भरला तर फोटो काढण्याआधी जाणत्याला दाखवा.