मनोरुग्णालयातून परतणाऱ्या आप्तासाठी ठाण्यात घर कसे लावावे

दीर्घ मानसिक आजारातून सावरणाऱ्या व्यक्तीला घरच्यांसोबत राहणे काही कारणाने जमत नसेल, तर बहुतेक कुटुंबे आधी ‘ठेवून घेणारी’ संस्था शोधतात आणि उपचार कुठे चालू राहतील याचा विचार मागाहून करतात. माझ्या मावसभावाच्या बाबतीत आम्हीही तेच केले होते. शहरापासून दोन-अडीच तासांवरच्या एका निवासी केंद्रात तो सात महिने राहिला. जेवण आणि औषधे वेळच्या वेळी मिळत होती, पण परतल्यावर ठाणे स्टेशनबाहेर रिक्षाच्या रांगेत उभे राहायलाही तो बिचकू लागला. आता तो ओपीडीपासून चालत वीस मिनिटांवर, भाड्याच्या एका खोलीत राहतो. म्हणून आधी उपचाराचे ठिकाण पक्के करावे आणि त्याच्या आसपास घर शोधावे, असे माझे मत झाले आहे.

ठाण्यात हे जमण्यासारखे आहे. १९०१ साली सुरू झालेले इथले प्रादेशिक मनोरुग्णालय हे राज्यातील अशा चार शासकीय रुग्णालयांपैकी एक असून, दाखल न होताही तिथल्या बाह्यरुग्ण विभागात उपचार घेता येतात. कळव्याला महापालिकेचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आहे. १९९० मध्ये स्थापन झालेली आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) ही संस्था समुपदेशनाबरोबर पुनर्वसनाचेही काम करते. आजारातून सावरणाऱ्याला ‘शुभार्थी’ आणि सांभाळणाऱ्याला ‘शुभंकर’ म्हणण्याची पद्धत अशा कामातूनच रुळली आहे, आणि ‘पेशंट’पेक्षा ‘शुभार्थी’ हा शब्द घरात वापरायला बरा वाटतो.

तयारी डिस्चार्जच्या आधीच सुरू करावी. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ च्या कलम ९८ नुसार रुग्णाला सोडण्यापूर्वी पुढील उपचारांविषयी त्याच्याशी आणि त्याची काळजी घेणाऱ्यांशी चर्चा होणे अपेक्षित आहे. ती चर्चा वॉर्डाच्या दारात उभ्याउभ्या उरकू न देता सोशल वर्करकडून वेळ मागून घ्यावी आणि औषधांचे डोस, पुढच्या इंजेक्शनची तारीख, आजार उलटण्याची पूर्वलक्षणे लिहून घ्यावीत. त्याच कायद्याचे कलम १९ सांगते, की कुटुंब नाही किंवा कुटुंब स्वीकारत नाही एवढ्याच कारणाने कोणालाही रुग्णालयात ठेवता येत नाही, आणि हाफवे होम (रुग्णालय आणि घर यांच्या मधला तात्पुरता निवास), ग्रुप होम (काही जणांनी मिळून राहण्याचे घर) अशा सोयी देण्याची जबाबदारी शासनावर आहे. प्रत्यक्षात जागा मागणीच्या मानाने फार कमी आहेत. तरीही रुग्णालयाकडे लेखी विचारणा करून ठेवावी.

यानंतर आधार किती लागणार, हे ठरवावे. आठवडाभर नुसते पाहावे: आंघोळ सांगावी लागते का, गोळी आठवणीने घेतली जाते का, दुकानातून सुटे पैसे मोजून आणले जातात का. पहिल्या दोन गोष्टींसाठीही माणूस लागत असेल, तर चोवीस तास कर्मचारी असलेले हाफवे होम योग्य ठरते, तेही मुक्कामाला नव्हे, मधला टप्पा म्हणून. अशा केंद्राला भेट देताना राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडील नोंदणीचा दाखला पाहावा, मनोविकारतज्ज्ञ कोणत्या दिवशी येतात ते विचारावे आणि शुभार्थी स्वतः फोन करू शकतो का, बाहेर जाऊ शकतो का, हे तिथे राहणाऱ्यालाच विचारावे. महिन्यातून एकदाच भेट, असा नियम कोणी ऐकवला तर तिथून परत फिरावे. माणसांशी संपर्क ठेवणे हा कायद्याने दिलेला हक्क आहे.

स्वतंत्र खोली घेणे शक्य असेल तर तळमजला किंवा पहिला मजला, आतले शौचालय आणि शांत गल्ली या गोष्टी भाड्यातल्या चार पैशांपेक्षा महत्त्वाच्या समजाव्यात. हायवेलगतची स्वस्त खोली झोप घालवते, आणि या आजारांत झोप बिघडणे हीच पुष्कळदा पहिली खूण असते. भाडेकरार शुभार्थीच्या नावे, रीतसर नोंदणी करून करावा. मानसिक आजाराचे निदान झाले म्हणून माणूस कायद्याच्या भाषेत ‘विकलमनस्क’, म्हणजे स्वतःचे निर्णय घेण्यास असमर्थ, ठरत नाही. ते ठरवण्याचा अधिकार न्यायालयाचा आहे. घरमालकाला आजार सांगावा की नाही, हा निर्णय त्या व्यक्तीचा. तिच्या संमतीने एका शेजाऱ्याला मात्र जरूर सांगावे आणि दुसरी किल्ली त्याच्याकडे ठेवावी.

जेवणासाठी सुरुवातीला पोळी-भाजी केंद्राचा डबा लावणे सोपे पडते. औषधांसाठी आठवड्याचे खणांचे डबे मिळतात. रविवारी सकाळी चहा झाला की भाऊ स्ट्रिपा मांडून एकेक खण स्वतः भरतो आणि मी फक्त समोर बसतो. पहिल्या महिन्यात मीच भरत असे, तेव्हा बुधवारचा खण हमखास भरलेला सापडायचा. लिथियम हे मनःस्थिती स्थिर ठेवणारे औषध चालू असेल तर ऑक्टोबरच्या उकाड्यात पाणी कमी पडू देऊ नये, अंगदुखीची गोळी डॉक्टरांना न विचारता घेऊ नये आणि रक्तातील प्रमाण ठरल्या वेळी तपासावे. क्लोझापिन हे स्किझोफ्रेनियावरचे औषध सुरू झाल्यावर पांढऱ्या पेशींची तपासणी सुरुवातीला दर आठवड्याला असते. ओपीडी जवळ असावी हा आग्रह त्यासाठीच.

पैशांची बाजूही लावून घ्यावी. दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजाराचा समावेश असून, शासकीय रुग्णालयातील तपासणीत किमान ४० टक्के दिव्यांगत्व ठरल्यास अनेक सवलतींची दारे उघडतात. संजय गांधी निराधार योजनेसाठी तहसील कार्यालयात अर्ज करावा.

प्रकृती बरी असतानाच शुभार्थीने नामनिर्देशित प्रतिनिधी, म्हणजे उपचारांच्या निर्णयांत त्याला साथ देणारी विश्वासातली व्यक्ती, नेमावा. साध्या कागदावर लिहून सही केली तरी चालते. डबा न उघडता परत जाऊ लागला, रात्री दिवा जळत राहू लागला, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता ओपीडी गाठावी. कोणत्याही वेळी बोलायला टेली मानस या शासकीय मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे.

पुन्हा दाखल करण्याची वेळ आली तरी खोली सोडू नये. गेल्या पावसाळ्यात भाऊ एकोणीस दिवस दाखल होता. आम्ही त्या महिन्याचे भाडे भरले, डबा तेवढा थांबवला, शेजारच्या काकूंनी कुंडीतली तुळस सांभाळली. रुग्णालयातून तो थेट तिथेच गेला आणि कुलूप त्यानेच उघडले.