केरॅटोकोनस: मुलाची डोळे चोळण्याची सवय कशी आणि का सोडवावी

केरॅटोकोनस या आजारात डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा, म्हणजेच पारपटल किंवा कॉर्निया, पातळ होऊन शंकूसारखा पुढे येतो. चष्म्याचा सिलिंडर नंबर वारंवार वाढत असेल आणि मूल सतत डोळे चोळत असेल, तर नुसता नवा चष्मा न करता पारपटलाची टोपोग्राफी, म्हणजे त्याच्या वक्रतेचा नकाशा काढणारी तपासणी, करून घ्यावी. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांनी या तपासणीपूर्वी लेन्स किती दिवस बंद ठेवायची, हे आधीच विचारून घ्यावे. अन्यथा नकाशा फसवा येतो.

पारपटल मध्यभागी सुमारे ५४० मायक्रॉन, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहून किंचित जाड असते आणि त्याची ताकद कोलॅजनच्या तंतूंवर अवलंबून असते. हे तंतू एकमेकांना बांधणाऱ्या लायसिल ऑक्सिडेज या विकराचे (एन्झाइमचे) काम केरॅटोकोनसमध्ये मंदावलेले आढळते, तर कोलॅजन तोडणारे एमएमपी-९ सारखे विकर अश्रूंमध्ये वाढलेले दिसतात. पेशींवरील ऑक्सिडेटिव्ह ताण त्यात भर घालतो. आनुवंशिकतेचा वाटा आहे, पण बहुतेक रुग्णांत एकच जनुक दोषी नसते. चोळण्याचे मात्र तसे नाही: निरोगी माणसाने ६० सेकंद डोळे चोळले तरी अश्रूंतील एमएमपी-१३ हे कोलॅजन तोडणारे विकर आणि आयएल-६ व टीएनएफ-अल्फा ही दाह वाढवणारी प्रथिने वाढतात. जनुके आपल्या हातात नाहीत, चोळणे आहे. म्हणून माझा सर्वाधिक आग्रह याच गोष्टीवर आहे.

सोलापुरात चादरी-टॉवेलच्या यंत्रमागांवर उडणारा कापसाचा तूस आणि उन्हाळ्यातली धूळ यांमुळे खाज सुटतेच, त्यामुळे "चोळू नकोस" एवढे सांगून भागत नाही. कारखान्यातून आल्यावर आधी हात साबणाने धुवावेत, मग चेहरा. स्वच्छ सुती रुमाल थंड पाण्यात भिजवून, घट्ट पिळून, मिटलेल्या पापण्यांवर पाच मिनिटे नुसता ठेवावा. दाबू नये, फिरवू नये. मूल बोटांच्या सांध्यांनी चोळते का आणि पालथे, डोळा उशीत दाबून झोपते का, हे रात्री पाहावे. अ‍ॅलर्जीचे थेंब डॉक्टरांनी लिहून दिलेलेच घालावेत. दुकानातून परस्पर आणलेल्या स्टेरॉइडच्या थेंबांनी काचबिंदू आणि मोतीबिंदू होऊ शकतो.

आजार वाढतो आहे असे दिसल्यास क्रॉस-लिंकिंगचा निर्णय लांबवू नये. यात रायबोफ्लेविन, म्हणजे बी-२ जीवनसत्त्व, आणि अतिनील-ए किरण वापरून कोलॅजनमध्ये नवे बंध तयार करतात. नेहमीच्या पद्धतीसाठी पारपटल किमान ४०० मायक्रॉन जाड लागते, म्हणूनच उशीर महागात पडतो. हा उपचार आजार थोपवण्यासाठी असतो. चष्मा बहुधा राहतोच. रुग्णाच्या सख्ख्या भावंडांचीही टोपोग्राफी त्याच सुमारास करून घ्यावी.