माळाचं गवत राखून शेळ्या-मेंढ्या कशा चाराव्यात

जत, आटपाडी, माण हे कमी पावसाचे, मुरमाड माळाचे तालुके. इथं कळप जगवायचा तर आधी गवताचं बूड जगवावं लागतं.

पहिल्या पावसानंतर माळ हिरवा दिसतो आणि वाळक्या काड्यांवर उन्हाळा काढलेल्या मेंढ्या तिकडं ओढ घेतात. तेव्हाच थांबा. कोवळा फुटवा मुळातल्या साठ्यावर वाढत असतो. तो खुडला की ठोंब खचतो. गवताची पात मुठीत धरून मेंढी ओढते तसा हिसका द्या. मुळासकट हातात आलं तर अजून आठ-दहा दिवस कळप सोडू नका. पात तुटून बुडखा जमिनीतच राहिला तर खुशाल सोडा. या दिवसांपुरता कडबा आधीच बाजूला काढून ठेवा.

मग ओढा, ताली, बांध यांच्या खुणांनी माळाचे चार भाग पाडा. तीन भागांत आळीपाळीनं चारा. गवत चार बोटं उरलं की कळप पुढच्या भागात न्या.

चौथा भाग पावसाळाभर बंद ठेवा. माझ्या मते सगळ्यात मोलाचं काम हेच. मारवेल, पवन्या या गवतांचं बी पिकून झडलं की मगच तिथं मेंढ्या फिरवा. खुरांनी बी मातीत दाबलं जातं. पुढच्या वर्षी दुसरा भाग राखा.

कुसळी गवत फुलोऱ्याआधीच चारून घ्या. नंतर तिची कुसळं लोकरीतून थेट कातडीत घुसतात. शेळ्यांना बाभूळ, बोरीचा पाला द्या, पण शेंडा तोडू नका.

दिवाळीनंतर हिशेब मांडा. एक मीटर लांब-रुंद जागेतलं गवत कापून, वाळवून तोला. असं चार-पाच ठिकाणी करून सरासरी काढा. समजा 100 ग्रॅम भरलं, तर हेक्टरी 1,000 किलो. त्यातलं निम्मं माळाला ठेवायचं. 30 किलोच्या मेंढीला दिवसाला साधारण 1 किलो सुका चारा लागतो, म्हणजे उरलेल्या 500 किलोंत 5 मेंढ्या 100 दिवस निघतात. कळप त्याहून मोठा असेल तर जादा नर आणि भाकड माद्या अंगावर मांस असतानाच विका.

गायरान सामाईक असेल तर कुठला भाग राखायचा हे मृगाआधीच सगळ्या मेंढक्यांना एकत्र बसवून ठरवा. बाहेरून कळप घेऊन येणाऱ्या मेंढपाळांच्या वाड्यांनाही त्या बैठकीचा निरोप धाडा.