पॅराशूट उघडल्यावरही जंप चालूच असते: स्कायडायव्हिंगमधल्या या चुका टाळा

पहिल्यांदा विमानात बसणाऱ्याच्या डोक्यात एकच प्रश्न असतो: पॅराशूट उघडलंच नाही तर? प्रशिक्षक म्हणून मला धास्ती असते ती वेगळ्याच क्षणाची. कॅनोपी, म्हणजे डोक्यावरचं पॅराशूटचं कापड, छान उघडलेली आहे, दोऱ्या सरळ आहेत, आणि जमीन शंभर फुटांवर आलेली असताना माणूस एकदम एक टॉगल (दिशा देणाऱ्या ब्रेकच्या दोरीची मूठ) खाली ओढून वळतो. अनुभवी जंपर बऱ्याचदा असेच जखमी होतात, धडधाकट पॅराशूटखाली.

इतकी वर्षं शिकवताना माझं एक मत पक्कं झालं आहे. आपल्या बहुतेक चुकांच्या मुळाशी उशीर असतो. २००० फुटांवर जे सहज सुटलं असतं, ते २०० फुटांवर सुटत नाही.

अल्टिमीटर दिसतो, पण वाचला जात नाही

पोटावर स्थिर पडताना आपला वेग ताशी १९० किलोमीटरच्या आसपास असतो. म्हणजे दर साडेपाच सेकंदांना १००० फूट जातात. १३००० फुटांवरून निघालात तर ३००० फुटांपर्यंत जेमतेम मिनिटभर हाताशी असतं. नवख्या माणसाच्या डोक्यात त्या मिनिटात इतकं काही शिरतं की तो मनगटावरच्या अल्टिमीटरकडे, म्हणजे उंचीमापकाकडे, पाहतो, काटा दिसतो, पण आकडा मेंदूपर्यंत पोचत नाही. यावर उपाय म्हणजे आकडा मनात उच्चारायचा: नऊ हजार, आठ हजार. आणि प्रत्येक छोट्या कामानंतर पुन्हा पाहायचं. काम अर्धवट राहिलं तरी चालेल, बघणं राहता कामा नये.

वळण थांबवण्याच्या नादात तर उंची हमखास विसरली जाते. आपोआप गोल फिरायला लागलात की हातांशी झगडू नका. विद्यार्थ्यांच्या बाबतीत कारण बहुधा पायांत सापडतं: एक पाय दुमडलेला, दुसरा सरळ. दोन्ही पाय थोडे लांब करा, पावलं ताणा, कंबर पुढे ढकलून आर्च, म्हणजे शरीराची कमान, करा आणि श्वास सोडा. श्वास रोखून धरलेलं शरीर लाकडासारखं होतं आणि हवा त्याला हवं तसं ढकलते.

तरीही स्थिर झाला नाहीत आणि उघडण्याची उंची आली तर? उघडा. क्रम असा आहे: आधी उघडणं, मग योग्य उंचीवर उघडणं, मग स्थिर राहून उघडणं. वेडंवाकडं उघडलेलं पॅराशूट बहुतेक वेळा सावरता येतं, न उघडलेल्याचं काहीच करता येत नाही.

हँडल शोधत बसणं

उजवा हात मागे पायलट शूटच्या (मेन, म्हणजे मुख्य पॅराशूट बाहेर ओढणाऱ्या छोट्या पॅराशूटच्या) हँडलकडे जातो तेव्हा डावा हात डोक्याच्या वर यायला हवा. तो बाजूलाच राहिला तर शरीर कलंडतं, हँडल हाताला लागत नाही आणि मग शोधाशोध सुरू होते. मान वळवून मागे पाहू नका, सापडणार नाही. पिशवीच्या खालच्या काठावरून हात सरकवत न्या. दोन प्रयत्न झाले, नाही मिळालं, की थेट रिझर्व्ह, म्हणजे राखीव पॅराशूट. तिसरा प्रयत्न करायचा मोह प्रत्येकाला होतो. म्हणूनच हा नियम आधीच मनाशी बांधून विमानात चढायचं.

बिघाडाशी वाद घालणं

अमेरिकेच्या यूएसपीए या संघटनेच्या शिफारशींनुसार विद्यार्थी आणि ए (पहिल्या पातळीच्या) लायसन्सधारकांनी २५०० फुटांपर्यंत, तर त्यापुढच्या लायसन्सधारकांनी १८०० फुटांपर्यंत कटअवेचा, म्हणजे बिघडलेलं मेन सोडून देण्याचा, निर्णय घेतलेला असावा. हे आकडे मोठे वाटतात. पण काहीच उघडलेलं नसेल तर २५०० फुटांपासून जमीन साधारण १४ सेकंदांवर असते आणि १८०० फुटांपासून दहाच. त्यातच रिझर्व्ह उघडायलाही उंची लागते.

लाइन ट्विस्ट, म्हणजे दोऱ्यांना पडलेले पीळ, सगळ्यात जास्त भेटतात. उघडताना शरीर एका बाजूला कललेलं असलं, किंवा पॅकिंगमध्ये दोन्ही बाजूंचा ताण सारखा नसला, की ते येतात. रायझर (दोऱ्या हार्नेसला जोडणारे खांद्यावरचे पट्टे) हातांनी एकमेकांपासून दूर करा आणि पिळाच्या उलट दिशेला पाय झाडा. पीळ सुटेपर्यंत ब्रेक सोडवू नका, ही चूक मी वारंवार पाहतो. कॅनोपी सरळ उडत असेल तर वेळ आहे. ती गरगर फिरत खाली जात असेल तर उंची फार झपाट्याने संपते. तिथे अल्टिमीटर बघायचा आणि मर्यादा आली की कटअवे.

स्लायडर (उघडताना दोऱ्यांवरून खाली सरकणारं चौकोनी कापड) वर अडकला असेल तर दोन्ही ब्रेक पूर्ण खाली ओढून धरा, मग पंप करा. दोऱ्यांत गाठ दिसत असेल तर फक्त बघून ठरवू नका. वर असतानाच डावीकडे वळून पाहा, उजवीकडे वळून पाहा, पूर्ण फ्लेअर (उतरताना वेग कमी करायला दोन्ही ब्रेक एकदम खाली ओढणं) करून पाहा. या तिन्ही गोष्टी झाल्या नाहीत तर ती कॅनोपी उतरवण्याजोगी नाही. ‘चालेल बहुतेक’ असं वाटणारी कॅनोपी मला पूर्ण फाटलेल्या कॅनोपीपेक्षा जास्त घाबरवते, कारण फाटलेलीपाशी कोणी रेंगाळत नाही.

आपोआप रिझर्व्ह उघडणारं एएडी आहे म्हणून निवांत राहू नका. अनुभवी जंपरची यंत्रं साधारण ७५० फुटांवर, वेग अजून फार असेल तरच काम करतात. कोणी फार खाली मेन उघडलं, ते फुलायला वेळ लागला आणि त्याच क्षणी यंत्राने रिझर्व्ह सोडलं, तर डोक्यावर दोन कॅनोपी. दोन्ही एकामागे एक शांत उडत असतील तर काही कापू नका, पुढचीला अगदी हळुवार दिशा द्या. दोन्ही एकमेकींपासून दूर जाऊन जमिनीकडे झेपावत असतील तर मेन सोडा. आरएसएल, म्हणजे मेन सुटताच रिझर्व्ह उघडणारा पट्टा, जोडलेलं असलं तरी कटअवेनंतर रिझर्व्हचं हँडल स्वतःच्या हातानेच ओढायचं.

खालचं वळण

इथे मी मुद्दाम थांबतो. कॅनोपीचा एक टॉगल जोरात ओढला की आपलं शरीर तिच्याखालून बाहेर फेकलं जातं, दोरीला बांधून फिरवलेल्या दगडासारखं. कॅनोपी नाक खाली करून झेपावते. टॉगल सोडला तरी शरीर परत तिच्याखाली येईपर्यंत ती खालीच जात राहते. तेवढी उंची नसेल तर मधे जमीन येते.

आणि माणसं खाली वळतात ती धाडस म्हणून क्वचितच. ‘वाऱ्याच्या दिशेनं उतरतोय’, ‘समोर कुंपण आलं’, ‘सगळे त्या बाजूला उतरतायत’, अशा साध्या कारणांनी वळतात. तेव्हा हा क्रम पाठ करा. पहिलं, कॅनोपी समपातळीत. दुसरं, मोकळी जागा. तिसरं, फ्लेअर, निदान अर्धा तरी. वाऱ्याकडे तोंड असणं या यादीत नाही. वाऱ्यासोबत उतरलात तर पळावं लागेल, लोळावं लागेल, कपडे मळतील. पाय जुळवून, गुडघे किंचित वाकवून लोळण घ्या आणि उठा. अडथळा टाळायलाच हवा असेल तर दोन्ही ब्रेक अर्धे ओढून, मग एक थोडा आणखी ओढून सपाट वळण घ्या. हे वळण १००० फुटांच्या वर भरपूर वेळा करून पाहा, म्हणजे गरजेच्या वेळी हाताला आठवेल.

अडथळ्याकडे टक लावून पाहिलं की आपण तिकडेच जातो. मोकळ्या जमिनीकडे पाहा. झाडं आणि इमारतींच्या मागे, वारा जिकडे जातो त्या बाजूला, त्यांच्या उंचीच्या दहा ते वीसपट अंतरापर्यंत हवा खवळलेली असू शकते. जागा निवडताना हे अंतर आधीच सोडा.

फ्लेअर लवकर झाला तर हात वर सोडून देऊ नका. कॅनोपी पुढे झेप घेईल. आहे तिथेच धरा, जमीन जवळ आली की उरलेला ओढा आणि लोळायची तयारी ठेवा. फ्लेअर करताना एक हात जमिनीकडे जात असेल, म्हणजे पडण्याआधीच टेकायला बघत असाल, तर तो हात त्या बाजूचा ब्रेक जास्त ओढतो आणि कॅनोपी तिकडेच वळते. नजर पायाखाली नको, पुढे ठेवा. दोन्ही हात शरीराजवळून, एकदमच खाली.

लहान कॅनोपीची घाई

विमानातून निघतानाचं एकूण वजन पाउंडात, भागिले कॅनोपीचं क्षेत्रफळ चौरस फुटांत, हे विंग लोडिंग. नवख्यासाठी ते १ किंवा त्याहून कमी असावं, असं माझं ठाम मत आहे. आत्ताच्या कॅनोपीवर सपाट वळण, ब्रेकमध्ये उतरणं आणि ठरवलेल्या जागी उतरणं सलग जमेपर्यंत साइझ बदलू नका. आणि लोडिंग तेच ठेवलं तरी लहान कॅनोपी जास्त चपळ असते, कारण तिच्या दोऱ्या आखूड असतात.

पॅकिंग आणि तपासणी

पायलट शूट कॉक करायला, म्हणजे आतली दोरी ओढून फुलण्याजोगा करायला, विसरणं ही पॅकिंगमधली सगळ्यात साधी आणि वाईट चूक. तो फुलत नाही आणि नुसता मागे ओढला जात राहतो. पॅक मिटण्याआधी पायलट शूटच्या पट्ट्यावरच्या छोट्या खिडकीतला रंग बघाच. मांडीचे पट्टे, छातीचा पट्टा, रायझरच्या तिन्ही कड्या, पिना, हँडल हे सगळं चढण्याआधी तपासा आणि दार उघडण्याआधी पुन्हा. कोणी मधेच हाक मारली तर पहिल्यापासून सुरुवात करा.

अडखळत असाल तर

प्रशिक्षणातली एखादी लेव्हल पुन्हा करावी लागली म्हणून निराश झालेले चेहरे मला नेहमी दिसतात. त्यांना मी मनापासून सांगतो, पुन्हा करणाऱ्यांमधून फार भरवशाचे जंपर तयार होताना मी पाहिले आहेत, कारण त्यांना आपण काय करतो ते नीट माहीत असतं. दारात छाती धडधडणं हा दोष नाही. त्या धडधडीतही अल्टिमीटर वाचता येतो आहे ना, एवढंच मी बघतो. फार दिवसांनी परत येत असाल तर लाजू नका, प्रशिक्षकाला सांगा, टांगलेल्या हार्नेसमध्ये कटअवेचा सराव करा आणि पहिली जंप एकट्याने, साधी ठेवा.

आणि वर गेल्यावर आतून नको वाटलं, ढग सरकले, पट्टा नीट वाटला नाही, तर विमानातूनच खाली या. मी अशा माणसाशी खाली आल्यावर आवर्जून हात मिळवतो. फक्त पायलटला लगेच कळवा. विद्यार्थ्यांची एएडी अनुभवींच्या यंत्रांपेक्षा कमी वेगालाही चालू होतात, त्यामुळे विमान सावकाश उतरवावं लागतं. दार बंद होऊ द्या, सीटबेल्ट पुन्हा लावा आणि जमिनीवर टेकेपर्यंत सगळी हँडल हातांनी झाकून बसा.