एआयची ड्युअल डिग्री करताय? मग या चुका टाळा

पहिल्या-दुसऱ्या वर्षातली पोरं दरवेळी हेच विचारतात, दादा पाच वर्षांत बीटेक आणि एमटेक दोन्ही, म्हणजे एक वर्ष वाचलं ना? वाचलं, वेगवेगळं केलं असतं तर चार अधिक दोन अशी सहा लागली असती. पण ते वर्ष फुकट मिळत नाही, तिसऱ्या-चौथ्या वर्षातच एमटेकचे कोर्सेस आणि थिसिसची तयारी घुसवावी लागते, आणि इथेच बहुतेक जण गंडतात.

आधी एक गैरसमज. आयआयटी मुंबईत किंवा मद्रासला मेकॅनिकल-सिव्हिलचा मुलगा मधूनच इंटरडिसिप्लिनरी ड्युअल डिग्री घेतो तेव्हा बीटेक मूळ ब्रँचचंच राहतं. बदलतं ते फक्त एमटेक, मुंबईत एआय आणि डेटा सायन्सचं, मद्रासला डेटा सायन्सचं. त्यामुळे 'आता मी एआयवाला' म्हणून थर्मोडायनॅमिक्ससारख्या मूळ ब्रँचच्या विषयांकडे दुर्लक्ष करू नका, नापास विषयाचा तो बॅकलॉग पाचव्या वर्षापर्यंत मागे लागतो.

आता माझी सगळ्यात नावडती चूक, थिसिस पाचव्या वर्षावर ढकलणं. पाचव्या वर्षाची पहिली सेमिस्टर प्लेसमेंटच्या तयारीत जाते, 1 डिसेंबरला इंटरव्ह्यू सुरू, मग घरी जाऊन आराम, आणि जानेवारीत गाईडला, म्हणजे थिसिसच्या मार्गदर्शक प्राध्यापकांना, पहिला खरा रिझल्ट दाखवायचा. एक ज्युनियर असाच फेब्रुवारीत माझ्याकडे आला, छातीच्या एक्सरेवरून आजार ओळखायचं मॉडेल, आकडे इतके भारी की तो पेपर लिहायला बसला होता. डेटासेट एनआयएच या अमेरिकी सरकारी आरोग्य संशोधन संस्थेचा, 1,12,120 एक्सरे पण पेशंट फक्त 30,805, म्हणजे एकाच माणसाचे बरेच फोटो. मी विचारलं ट्रेन-टेस्ट, म्हणजे मॉडेलला शिकवायचे आणि त्याची परीक्षा घ्यायचे फोटो, कसे वेगळे केलेस? म्हणाला रँडम, फोटोनुसार. झालं! तोच पेशंट दोन्हीकडे, मग मॉडेल आजार ओळखतंय की माणूस हे कळणार कसं? डेटासेटसोबत पेशंटनुसार वेगळ्या केलेल्या याद्या येतात, त्याने त्या फाईल उघडल्याच नव्हत्या. नीट स्प्लिट करून पुन्हा चालवलं तर आकडे धाडकन खाली आले, दोन चॅप्टर नव्याने लिहावे लागले, सबमिशन लांबलं, जॉइनिंग पुढे गेलं. पोरगा हुशार होता हो, फक्त त्याचं काम वर्षभर कुणी बघितलंच नव्हतं. हेच चौथ्या वर्षाच्या सुरुवातीला झालं असतं तर एका दुपारचं काम होतं.

असं होऊ नये म्हणून मी स्वतः ही डिग्री करताना तिसऱ्या वर्षाच्या उन्हाळ्यातच गाईड पक्का केला होता, आणि दर शुक्रवारी त्यांना एक पान लिहून द्यायचो, काय केलं, काय फसलं. रिझल्ट नसला तरी पान द्यायचंच. नवीन डेटा हातात आला की आजही मी मॉडेलला हात लावण्याआधी एक अख्खा दिवस नुसता डेटा बघतो.

दुसरी चूक, गणित टाळून थेट ट्रान्सफॉर्मरवर, म्हणजे चॅटजीपीटीसारख्या एआयमागच्या मॉडेलवर, उडी. लायब्ररी इम्पोर्ट करून चार ओळीत मॉडेल चालतं, पण लॉस, म्हणजे मॉडेलची चूक मोजणारा आकडा, 'नॅन' (आकडाच नाही असा) झाला की काय करायचं ते कळत नाही. लिनिअर अल्जेब्रा आणि प्रोबॅबिलिटी आधी घ्या, आणि दोन लेयरच्या न्यूरल नेटवर्कचं बॅकप्रोपगेशन, म्हणजे चुकीवरून मॉडेलचे आकडे सुधारायचं गणित, एकदा तरी कागदावर हाताने करा, कंटाळा येईल, तरी करा. ज्याला एवढा धीर नाही त्याने हा प्रोग्राम घेऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

बाकी छोट्या गोष्टी. गूगलचं ऑनलाइन कोड चालवायचं कोलॅब फुकटात जास्तीत जास्त 12 तास चालतं आणि कधीही तुटतं, चेकपॉइंट (मॉडेलची तोवरची प्रत) गूगल ड्राइव्हवर सेव्ह करत जा. मिनिमम सीपीआयची (सगळ्या सेमिस्टरच्या सरासरी ग्रेडची) अट अर्ज करताना नाही, आधीच्या सेमिस्टरलाच वाचा. चार वर्षांनी बाहेर पडता येतं का हेही आधीच विचारा, कारण बहुतेक ठिकाणी दोन्ही डिग्र्या शेवटी एकत्रच मिळतात. आणि गाईड नावावरून निवडू नका, त्यांच्या आत्ताच्या विद्यार्थ्यांना जाऊन विचारा की सर आठवड्यातून किती वेळा भेटतात.