सिनेमातली डेलोरियन नीट कशी बघायची

१९८५ च्या ‘बॅक टू द फ्युचर’मधल्या, कालयंत्र बनवलेल्या डेलोरियन गाडीबद्दल मत बनवण्याआधी मूळ गाडी समजून घ्या. मागे २.८५ लिटरचं व्ही-६ इंजिन, अमेरिकेत विकलेल्या गाडीची ताकद जेमतेम १३० अश्वशक्ती. दिसायला स्पोर्ट्स कार, पळायला बेताचीच.

आता सिनेमा लावा आणि स्पीडोमीटर दिसला की पॉज करा. मूळ गाडीचा काटा ताशी ८५ मैलांवर संपतो, कारण तेव्हाचा अमेरिकी नियमच तसा होता. काळात उडी मारायला कथेला हवे होते ८८! म्हणून सिनेमासाठी तबकडी बदलून ९५ पर्यंत नेली. असल्या बारकाव्यांवर माझा फार जीव आहे.

मग मागची बाजू बघा, घाई न करता. दोन मोठे व्हेंट, उघड्या केबल्स, गुंडाळ्या. बॉडीला रंगच नाही, नुसतं घासलेलं स्टेनलेस स्टील. त्यामुळे प्रत्येक वायर उठून दिसते. एकट्या माणसाने गॅरेजमध्ये खपून जोडलीय असं वाटतं, आणि तेच मला सगळ्यात आवडतं. रंगवलेल्या गाडीवर हे शोभलं नसतं.

दुसऱ्या भागात ती उडते. मला मात्र चाकांवर धावणारीच भावते.